जलजीवालयातील पाण्याची दुष्फेनता

ज्या पाण्यात साबण घोळला असता सहज फेस न होता पांढुरका चोथा जमतो, अशा पाण्यास दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात. व्यवहारात ‘जड पाणी’ हा शब्द रूढ आहे. हा गुणधर्म मुख्यत्वे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांमुळे येतो. पाणवनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या जलजीवालयात, म्हणजे घरगुती भाषेत माशांच्या पेटीत, या लवणांचे प्रमाण किती आहे यावर वनस्पतींची वाढ, काही माशांची वीण आणि पाण्याच्या अम्लतेतील चढउतार अवलंबून असतात. प्रस्तुत नोंदीत या मोजमापाचा इतिहास आणि पालघर व बोईसर-तारापूर या भागांत त्याचा होणारा उपयोग यांचा विचार केला आहे. या भागाची निवड सहेतुक आहे. सूर्या नदीचे डोंगरातील मृदू पाणी, काळ्या खडकातील विहिरींचे मध्यम जड पाणी, किनाऱ्यावरील मचूळ पाणी आणि अणुवीज केंद्रासाठी सर्व लवणे काढून टाकलेले पाणी, असे पाण्याचे चार प्रकार येथे एकाच परिसरात आढळतात.

दुष्फेनतेचे दोन भाग पाडतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बायकार्बोनेटांमुळे आलेली दुष्फेनता पाणी उकळल्याने जाते. कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन कार्बोनेटाचा साका तळाशी बसतो. हिला अस्थायी दुष्फेनता म्हणतात. सल्फेटे व क्लोराइडे यांच्यामुळे आलेली दुष्फेनता उकळूनही टिकते; ती स्थायी होय. पाणी तापविण्याच्या तांब्याच्या बंबात आतून बसणारा पांढरा थर हा पहिल्या प्रकाराचा घरोघरचा पुरावा आहे. डाळ लवकर न शिजणे, केस चिकट राहणे, हंड्याच्या काठावर पांढरी रेघ उमटणे या खुणांवरून गृहिणी पाण्याची पारख फार पूर्वीपासून करीत आल्या आहेत. या पारखीत केवळ संख्या नसते, एवढाच तिचा व प्रयोगशाळेतील परीक्षेचा फरक.

पूर्वेतिहास : पाण्यात चुनखडी विरघळून कशी राहते, याचा उलगडा हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केला. लंडनमधील रॅथबोन प्लेस येथील पंपाच्या पाण्यातील चुनखडी ही पाण्यातील ‘बद्ध वायू’च्या (कार्बन डाय-ऑक्साइडाच्या) आधाराने विरघळलेली असते आणि वायू काढून घेतल्यास ती खाली बसते, असे त्यांनी दाखवून दिले. जलजीवालयातील दुष्फेनतेचे सर्व रसायनशास्त्र या एका निरीक्षणात बीजरूपाने सामावले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र त्या काळी या शोधाकडे पाहण्याची दृष्टी कपडे धुणारांची व बाष्पित्रे (बॉयलर) चालविणारांची होती.

मोजमापास निश्चित रूप दिले ते ॲबर्डीन येथील मारिशल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क (१८०१–६७) यांनी. पाण्यात चुन्याची निवळी घालून बायकार्बोनेटे साक्याच्या रूपाने काढून टाकण्याच्या कृतीचे एकस्व (पेटंट) त्यांनी १८४१ मध्ये घेतले. कृती वरवर पाहता विपरीत वाटते, कारण चुना काढण्यासाठी चुनाच घालावयाचा. परंतु घातलेला चुना विरघळलेल्या वायूशी संयोग पावतो आणि दोन्ही चुने एकदम खाली बसतात. पाण्याचा कस पाहण्यासाठी त्यांनी साबणाच्या विद्रावाची परीक्षा प्रचारात आणली. ठराविक शक्तीचा साबणाचा अल्कोहॉली विद्राव बुचाच्या बाटलीतील पाण्यात थोडाथोडा घालून बाटली हलवावयाची आणि फेस पाच मिनिटे टिकेपर्यंत किती विद्राव लागला ते मोजावयाचे, अशी ती पद्धत होती. एका इंपीरियल गॅलनात एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे एक क्लार्क अंश.

त्याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या रसायनशास्त्रज्ञांनी काचेच्या भांड्यात दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजलेली पाने खाण्यासाठी पुढे त्यांत तळ्यातील गोगलगायी सोडल्या आणि पाणी न बदलता ही लहानशी सृष्टी टिकते, असा निबंध १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे वाचला. वनस्पतीने प्राणवायू पुरवावा, माशाने कार्बन डाय-ऑक्साइड द्यावा, असा हा समतोल होता. लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानातील मत्स्यगृह १८५३ मध्ये उघडले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथाने जलजीवालयाची आवड मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेली. योगायोग असा, की मृदेत एका लवणाच्या जागी दुसरे लवण धरून ठेवण्याची शक्ती असते, हे जॉन टॉमस वे यांचे संशोधनही १८५० चेच. पुढे आयन-विनिमयाने पाणी मृदू करण्याच्या सर्व पद्धती त्यातून निघाल्या.

क्लार्क व वॉरिंग्टन समकालीन होते आणि दोघेही १८६७ मध्येच निधन पावले; परंतु त्यांच्या विद्यांची गाठ त्यांच्या हयातीत जलजीवालयात पडली नाही. वॉरिंग्टन यांच्यापुढील प्रश्न वायूंचा होता, लवणांचा नव्हता. शिवाय लंडनचे पाणी जड आणि सोनमासा व व्हॅलिस्नेरिया दोघेही जड पाणी सोसणारे. त्यांच्या यशाचा काही वाटा या सहनशीलतेला द्यावा लागेल. मृदू पाण्यातील एखादी नाजूक वनस्पती त्यांनी निवडली असती, तर समतोलाचा सिद्धांत इतक्या सहजासहजी सिद्ध झाला नसता.

विसाव्या शतकात उष्ण कटिबंधातील मासे यूरोपात मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्यावर हा प्रश्न पुढे आला. ॲमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा या माशाचे शास्त्रीय वर्णन १९३६ मध्ये झाले. मासा नळाच्या पाण्यात जगे, पण अंडी उबत नसत. त्यासाठी अत्यंत मृदू व किंचित अम्लधर्मी पाणी लागते, हे अनुभवाने कळले. हौशी मत्स्यपालकांमध्ये जर्मन अंश प्रचलित झाला. एका लिटरात १० मिग्रॅ. कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे एक जर्मन अंश. कॅल्शियम कार्बोनेटाच्या परिभाषेत तो १७·८ मिग्रॅ. भरतो. क्लार्क अंश १४·३ मिग्रॅ. चा व फ्रेंच अंश १० मिग्रॅ. चा आहे. कोणता अंश ते न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी ठरतो. भारतीय प्रयोगशाळांचे अहवाल मिग्रॅ. प्रति लिटर या एककात असतात, तर बाजारातील परीक्षासंच बहुधा जर्मन अंशांत बोलतात. या दोहोंची गल्लत ही नवख्या पालकाची नेहमीची चूक होय.

परीक्षेच्या पद्धती : साबणाची परीक्षा शंभर वर्षे टिकली, तरी ती ढोबळ होती. ऑटो हेनर यांनी १८८३ मध्ये अम्लाच्या अनुमापनाने अस्थायी दुष्फेनता मोजण्याची पद्धत मांडली. खरी क्रांती झाली ती एथिलीन डायअमाइन टेट्राॲसिटिक अम्लाने (ईडीटीए). जर्मनीत फर्डिनांट म्यून्त्स यांनी १९३५ मध्ये हे संयुग तयार केले. झुरिक येथील गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४५ नंतरच्या काही वर्षांत त्यावर आधारित अनुमापन विकसित केले आणि १९४८ मध्ये एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक उपयोगात आला. पीएच मूल्य १० राखलेल्या पाण्यात हा दर्शक कॅल्शियम-मॅग्नेशियमाच्या सान्निध्यात मद्यासारखा लाल दिसतो. ईडीटीएने दोन्ही धातू आपल्या पकडीत घेतले, की तो निळा होतो. घरगुती संचातील थेंबांची परीक्षा ही या अनुमापनाचीच छोटी आवृत्ती आहे. सामान्यतः ५ मिलि. पाण्यास रंग पालटेपर्यंत जितके थेंब लागतील तितके जर्मन अंश धरतात. पाणी १० मिलि. घेतल्यास प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि मृदू पाण्याच्या बाबतीत ही युक्ती फार उपयोगी पडते.

संचात दुसरी परीक्षाही असते. तिला ‘कार्बोनेट दुष्फेनता’ असे नाव असले, तरी ती दुष्फेनता मोजतच नाही. तीत अम्लाचे थेंब घालून बायकार्बोनेटे किती आहेत, म्हणजे पाण्याची क्षारता किती आहे, एवढेच पाहिले जाते. ती बायकार्बोनेटे कॅल्शियमाची आहेत की सोडियमाची, हे तिला कळत नाही. नावातील या दोषाने आजवर बराच घोटाळा केला आहे. चुनखडीच्या पाण्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात, म्हणून यूरोपात नाव खपून गेले. इतरत्र ते तसे असतीलच असे नाही आणि किनाऱ्यावरील पालघर-तारापूर भागात तर या दोन आकड्यांतील अंतरातच पाण्याची खरी ओळख दडलेली असते.

वनस्पतींचा सहभाग : पेटीतील पाणवनस्पती दुष्फेनता नुसती सोसत नाहीत, ती बदलतातही. प्रकाशसंश्लेषणासाठी त्या प्रथम पाण्यात विरघळलेला मुक्त कार्बन डाय-ऑक्साइड वापरतात. तो संपल्यावर व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, एलोडिया यांसारख्या वनस्पती बायकार्बोनेटातून कार्बन मिळवितात. तसे होताना कॅल्शियम कार्बोनेट पानांवर खरखरीत पुटाच्या रूपाने बसते, पाण्याची दुष्फेनता घटते आणि पीएच मूल्य दुपारपर्यंत ९ च्याही वर चढू शकते. अरेन्स यांनी १९३३ मध्ये काही वनस्पतींची पाने एका बाजूने बायकार्बोनेट घेतात व दुसऱ्या बाजूने पाणी अल्कधर्मी करतात, असे दाखविले. कॅव्हेंडिश यांनी वायू काढून जे केले तेच पान सूर्यप्रकाशात करते. जलमॉस व बऱ्याच क्रिप्टोकोरिन जातींना मात्र हे जमत नाही. त्यांना मुक्त वायूच लागतो. म्हणून दोन्ही गटांच्या वनस्पती एका पेटीत दाटीने लावल्या, की जड पाण्यात पहिला गट दुसऱ्याची उपासमार करतो. पाने गळू लागलेली पाहून पालक खत वाढवितो, परंतु उणीव खताची नसते.

क्षारता, पीएच मूल्य व मुक्त कार्बन डाय-ऑक्साइड यांचे नाते ठरलेले आहे. क्षारता ४ जर्मन अंश व पीएच मूल्य ७ असल्यास लिटरमागे सुमारे १२ मिग्रॅ. वायू असतो, तेच पीएच मूल्य ६·६ वर आल्यास तो सुमारे ३० मिग्रॅ. होतो. ही सीमा ओलांडल्यास माशांना धाप लागते व ते पृष्ठभागाशी येतात. क्षारता अगदी कमी असल्यास पाण्याला आधार राहत नाही आणि पीएच मूल्य एका रात्रीत कोसळण्याचा संभव असतो.

मुंबई ते तारापूर : महाराष्ट्रातील सामान्य प्रेक्षकाला काचेमागील जलसृष्टी प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसली ती मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयात. हे मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले. ज्या पारशी दानशूर गृहस्थांच्या देणगीमुळे त्यास हे नाव मिळाले, त्यांचे आडनाव तारापूर गावावरूनच आलेले आहे. २०१५ मध्ये ते नव्या रूपात खुले झाले. परंतु २०२० च्या करोना साथीत बंद झाले. घरगुती पेट्यांचा छंद वाढला तो क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील दुकानांमुळे आणि तेथून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलेले मासे व रोपे आगगाडीने उत्तरेकडे येऊ लागली. मुंबईची उपनगरी गाडी २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत वाढविल्यावर ही ने-आण अधिकच सोपी झाली.

या प्रवासात पाण्याचा पालट होतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. मुंबईचे नळाचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा यांच्या जलाशयांतील, म्हणजे पावसाचे व मृदू. तेच मासे चिंचणी, तारापूर किंवा सातपाटी येथील घरात आले, की पुष्कळदा विहिरीच्या जड पाण्यात पडतात. आदल्या दिवशी दुकानात तजेलदार दिसणारा मासा दुसऱ्या दिवशी कोपरा धरतो आणि दोष दुकानदारास लावला जातो. पिशवी पेटीत तरंगत ठेवून तापमान जुळविण्याची रीत सर्वांना ठाऊक असते, परंतु लवणे जुळविण्यास पेटीतील पाणी पिशवीत तासाभरात थोडेथोडे घालावे लागते.

पालघर परिसरातील पाणी : हा भाग दक्षिण ट्रॅपच्या काळ्या पाषाणाचा (बेसाल्टचा) आहे. अशा खडकातील भूजलात साधारणपणे कॅल्शियम-मॅग्नेशियमाची बायकार्बोनेटे असतात आणि त्यामुळे दोन्ही परीक्षांचे आकडे एकमेकांशी मिळते येतात. सूर्या ही वैतरणेची उपनदी. विक्रमगड तालुक्यातील धामणी येथे तिच्यावर धरण आहे. पावसाळी पाण्यावर पोसलेल्या या जलाशयाचे पाणी विहिरींच्या मानाने मृदू असते. शेती, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि दक्षिणेकडील वाढती शहरे या तिघांचाही या पाण्यावर दावा आहे व त्यावरून झालेले वाद सर्वश्रुत आहेत.

किनारपट्टीची गोष्ट वेगळी आहे. तेथे वाळूत व शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने सांधलेल्या दगडात गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मी. उंच असेल, तर तो थर खाली सुमारे ४० मी. पर्यंत जातो, असे गायबेन व हर्झबर्ग यांच्या नियमावरून निघते. उलट उपसा वाढवून पातळी १ मी. ने खाली आणली, की खारे पाणी तितक्याच पटीने वर सरकते. जुन्या वाड्यांतील रहाटाच्या विहिरी व वसईकडील बावखले (पावसाचे पाणी साठविणारी तळी) ही मर्यादा पाळून होती. विजेच्या पंपांनी ती मोडली.

समुद्राच्या पाण्याची दुष्फेनता कॅल्शियम कार्बोनेटाच्या परिभाषेत लिटरमागे सुमारे ६,३०० मिग्रॅ. असते व तीत मॅग्नेशियमाचा वाटा मोठा असतो. क्षारता मात्र केवळ १२० मिग्रॅ. च्या आसपास. म्हणजे विहिरीत शेकडा एक भाग समुद्राचे पाणी मिसळले, तर दुष्फेनता सुमारे ६३ मिग्रॅ. ने (साडेतीन जर्मन अंशांनी) वाढते, पण क्षारतेत जेमतेम १ मिग्रॅ. ची भर पडते. इतक्या मिश्रणाने वाढणारे क्लोराइड लिटरमागे २०० मिग्रॅ. च्या आतच असते व बहुतेकांच्या जिभेस ते जाणवत नाही. वीस रुपयांच्या भांड्यात पाळलेल्या माशासाठी केलेली थेंबांची परीक्षा अशा वेळी घरातील माणसांनाही उपयोगी पडते. दोन्ही आकडे बरोबरीने चढले असतील, तर कारण बहुधा खडक किंवा शिंपले. दुष्फेनता चढून क्षारता जागच्या जागी राहिली असेल, तर समुद्र आत येत असल्याची शंका घ्यावी. क्षारताच दुष्फेनतेहून अधिक भरली, तर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट आहे. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता लिटरमागे २०० मिग्रॅ. पर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. पर्यंत चालते.

लवणरहित पाणी : तारापूर येथील अणुवीज केंद्र हे भारतातील पहिले असून त्याचे व्यापारी उत्पादन २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. इंधनाला भिडून उकळणाऱ्या पाण्यात लवणांचा लवलेशही चालत नाही, कारण पुटे बसून उष्णतेचे वहन अडते व धातू झिजतात. म्हणून असे पाणी आयन-विनिमयाने निःखनिज करून वापरतात. वाफ थंड करण्यास मात्र शेजारच्या अरबी समुद्राचे पाणी वेगळ्या नळ्यांतून फिरते. अत्यंत शुद्ध व अत्यंत जड असे दोन जलप्रवाह एका पातळ धातूच्या भिंतीने विभागलेले असावेत, हे दृश्य विचार करण्यासारखे आहे.

आयन-विनिमयाचे तंत्र वे यांच्या संशोधनापासून रोबर्ट गान्स यांच्या कृत्रिम झिओलाइटापर्यंत (१९०५ च्या सुमारास) आणि तेथून ॲडम्स व होम्स यांच्या कृत्रिम रेझिनांपर्यंत (१९३५) आले. झिओलाइटाचे सुंदर स्फटिक दक्षिण ट्रॅपच्या पोकळ्यांत विपुल सापडतात, ही गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. घरगुती मृदुकारक यंत्र याच तत्त्वावर चालते, पण ते लवणे काढीत नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन त्यांच्या जागी मिठातील सोडियम देते. अशा पाण्याची परीक्षा केली, तर पहिल्याच थेंबाला रंग पालटतो आणि पालकाला आपले पाणी ॲमेझॉनसारखे मृदू झाल्याचा भास होतो. वास्तविक क्षारता पूर्वीइतकीच राहिलेली असते, सोडियम वाढलेले असते आणि वनस्पतींना आवश्यक असलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम नाहीसे झालेले असते. नवी पाने वाकडी, खुजी येतात; जुनी पाने शिरांमधून पिवळी पडतात. या यंत्राचे पाणी कपड्यांना व गीझरला चांगले, पेटीला नव्हे. व्यस्त तर्षणाच्या (आर. ओ.) यंत्राचे पाणी खरोखरच लवणरहित असते, परंतु तेही नुसतेच वापरता येत नाही.

परीक्षेच्या मर्यादा : ईडीटीए केवळ कॅल्शियम व मॅग्नेशियम यांनाच धरते असे नाही. जस्त, मँगॅनीज इत्यादी धातूही ते बांधते व त्यांची गणना दुष्फेनतेतच होते. तांबे, निकेल किंवा लोह अधिक असल्यास दर्शकाचा रंग नीट पालटत नाही, लालसर-जांभळा रेंगाळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या औद्योगिक क्षेत्रांच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होते. त्यामुळे या भागातील उथळ विहिरीचे पाणी घेताना थेंबांचा रंग असा घुटमळला, तर ते पाणी पेटीत घालू नये व प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज पिऊही नये. रंग स्वच्छ पालटला म्हणजे पाणी निर्दोष, असा उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. सेंद्रिय प्रदूषकांबाबत ही परीक्षा पूर्णपणे मुकी आहे.

नियमन : दुष्फेनता कमी करण्याचा सर्वांत सोपा व स्वस्त मार्ग म्हणजे पावसाचे पाणी. लिटरमागे ३६० मिग्रॅ. दुष्फेनतेचे ३० लि. विहिरीचे पाणी व ६० लि. पावसाचे पाणी मिसळल्यास ९० लिटरांच्या पेटीत १२० मिग्रॅ., म्हणजे पावणेसात जर्मन अंश, दुष्फेनता येते आणि बहुतेक वनस्पतींना ती मानवते. कारखान्यांच्या शेजारी पहिले काही पाऊस वाहू द्यावेत व छप्पर धुऊन निघाल्यावर पाणी धरावे. चुन्याच्या निवळीची क्लार्क यांची कृती आजही चालते, पण मापात थोडी चूक झाली तरी पाणी जहाल होते; म्हणून ती पेटीत न करता वेगळ्या पिंपात करावी.

दुष्फेनता नकळत वाढण्याची कारणे अधिक आहेत. समुद्रकाठची वाळू पेटीत घातली, तर तीतील शिंपल्यांचे कण महिनोन्महिने विरघळत राहतात. वाळूवर लिंबाचा रस पिळून बुडबुडे येतात का, ते आधी पाहावे. याहूनही दुर्लक्षित कारण बाष्पीभवनाचे. पाणी उडते, लवणे राहतात. ९० लि. पेटीतून आठवड्याला ५ लि. पाणी उडत असेल आणि ती तूट ३०० मिग्रॅ. दुष्फेनतेच्या पाण्याने भरली जात असेल, तर दर आठवड्यास सुमारे १७ मिग्रॅ., म्हणजे जवळजवळ एक पूर्ण जर्मन अंश वाढतो. फेब्रुवारीत ८ अंशांवर असलेली पेटी मे महिन्याच्या अखेरीस २० च्या पुढे जाते. पाणी ‘घालणे’ आणि पाणी ‘बदलणे’ या दोन भिन्न क्रिया होत. उडालेल्या पाण्याची तूट पावसाच्या किंवा लवणरहित पाण्याने भरावी आणि काही भाग काढून नवे पाणी घालण्याचे काम वेगळे करावे.

पाणी फारच मृदू असल्यास भर घालावी लागते. १०० लि. पाण्यात ३ ग्रॅ. खाण्याचा सोडा घातल्याने क्षारता एका जर्मन अंशाने वाढते, दुष्फेनता तशीच राहते. मॅग्नेशियम सल्फेट (औषधी दुकानातील एप्सम मीठ) त्याच पाण्यात १ ग्रॅ. घातल्यास दुष्फेनता लिटरमागे ४ मिग्रॅ. वाढते, क्षारता तशीच राहते. कॅल्शियमासाठी शिंपल्याचा चुरा गाळणीत ठेवतात. तो दोन्ही वाढवितो, पण सावकाश. किनाऱ्यावर सर्वत्र आढळणाऱ्या देशी बदामाची वाळलेली पाने घातल्याने पाणी मृदू होते, असा समज आहे. त्या पानांतील टॅनिनांमुळे पाणी चहासारखे तांबूस होते व मृदू पाण्याचे पीएच मूल्य काहीसे उतरते. जड पाण्यावर त्याचा परिणाम फारसा होत नाही.

पाण्याशी झगडण्यापेक्षा पाण्याजोगे जीव निवडणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. हिवताप निर्मूलनासाठी विहिरींतून व डबक्यांतून सोडले जाणारे गप्पी मासे जड पाण्यात उत्तम वाढतात. मॉलीलाही तेच आवडते व व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला त्यांच्या जोडीला चालतात. निऑन टेट्रा, मॉस व क्रिप्टोकोरिन यांच्यासाठी सूर्येचे किंवा पावसाचे पाणी हवे. किनाऱ्यावरील घरात विहिरीऐवजी नळाचे पाणी येऊ लागते, तेव्हा जुन्या पेटीत ते एकदम भरणे घातक ठरते. अनेक महिने २० अंशांत राहिलेल्या माशांना आठवड्यास एक-दोन अंश इतक्याच वेगाने उतरवावे लागते व त्यासाठी दर खेपेस पेटीचा दहावा भाग एवढेच पाणी बदलतात.